जिल्ह्याच्या वहीत आपण कुठं?

आज आपण आकड्यांबद्दल बोलू. आकडा म्हटलं की घाबरायचं कारण नाही. बचत गटाच्या बैठकीत किती जमा झाले, किती वाटले, कुणाकडे किती थकले, हे आपण तोंडपाठ सांगतो. जिल्ह्याचीही अशीच एक वही असते, तिला जनगणना म्हणतात. गावात माणसं किती, बाया किती, लेकरं किती, कोण काय काम करतं, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. ही वही मागं मागं उलटत गेलं की आपल्या आज्या-पणज्यांनी काय सोसलं ते दिसतं. आणि आपण त्यात कुठं लिहिलो गेलो, कुठं सुटलो, तेही दिसतं.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथली पहिली मोजणी १८८१ साली झाली. त्या वेळी बीड जिल्ह्यात सुमारे ५ लाख ५८ हजार माणसं होती. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, आकडा वाढून सुमारे ६ लाख ४२ हजार झाला. माणसं वाढत होती, जमीन कसली जात होती. पण १९०१ ची मोजणी झाली आणि आकडा आला सुमारे ४ लाख ९२ हजार. दहा वर्षांत दीड लाख माणूस कमी! म्हणजे चार माणसांतला जवळजवळ एक वहीतून गेला.

मधे काय झालं होतं? १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. पाऊस गेला, ज्वारी गेली, जनावरं गेली, मग माणसं गेली. काही भुकेनं आणि पटकीसारख्या रोगांनी मेली. काही पोटासाठी मुलूख सोडून निघाली, त्यातली कित्येक परत आली नाहीत. वहीत फक्त आकडा खाली आलेला दिसतो. पण एवढा आकडा खाली येतो तेव्हा प्रत्येक वस्तीत बंद पडलेली घरं असतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

त्यानंतर घडी जरा बसते न बसते तोच १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. करोनासारखीच, पण त्याहून भयंकर. देशात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली. तिनं तरणीताठी माणसं जास्त नेली. १९२१ ची मोजणी झाली तेव्हा साऱ्या देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आपल्या देशाच्या जनगणनेत असं एकाच दशकात झालं आहे. म्हणून अभ्यासक १९२१ ला मोठ्या वळणाचं साल म्हणतात. त्यानंतर देशाचा आकडा कधी खाली आला नाही.

आता स्वातंत्र्याच्या काळात येऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९६१ च्या मोजणीत बीड जिल्ह्यात दहा लाखांच्या आसपास माणसं होती. १९९१ ला १८ लाख २२ हजार, २००१ ला २१ लाख ६१ हजार, आणि २०११ ला २५ लाख ८५ हजार. पन्नास वर्षांत अडीच पट!

काही शहाणी माणसं म्हणतात, खेड्यातल्या बायांनी पोरं फार केली म्हणून लोकसंख्या वाढली. हे अर्धंच खरं आहे. आपल्या पणज्यांना काय कमी लेकरं होत होती? सात-आठ व्हायची, पण त्यातली जगायची किती? देवीची लस आली, हिवतापावर फवारणी आली, रेशनचं धान्य आलं, आणि मरण कमी झालं. मरण आधी कमी झालं, जन्म नंतर कमी झाले. या दोन्हींच्या मधली जी वर्षं असतात, त्या वर्षांत लोकसंख्या भराभरा वाढते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशात हे असंच झालं. आणि लेकरं जगतात ही खात्री पटल्यावर बायांनी जन्म कमी केलेच की. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईला सरासरी १.७ मुलं होतात असं निघालं. म्हणजे दोनाच्याही आत.

माणसं वाढली, पण जमीन काही वाढली नाही. साधा हिशोब करा. पणजोबाची वीस एकर. चार लेकांत वाटली, पाच-पाच एकर आली. त्या प्रत्येकाला तीन लेक, की पावणेदोन एकरावर आलो. (लेकींचा हिस्सा आम्ही यात धरलाच नाही, कारण वाटणी करणाऱ्यांनीही तो धरला नव्हता. कायद्यानं तो आहे, त्यावर पुन्हा कधी बोलू.) चौसाळा बसलाय बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. खाली गेवराई-माजलगावच्या गंगथडीला काळी जमीन, पुढं जायकवाडीचं आणि माजलगाव धरणाचं पाणी आलं. आपल्याकडं मुरमाड रानं आणि पावसाकडं लागलेले डोळे. पावणेदोन एकर मुरमाडावर पाच माणसांचं वर्ष निघत नाही.

मग माणसानं जावं कुठं? जिल्ह्यात गिरण्या नव्हत्या. निजामाच्या काळात आगगाडी परळीला आली, पण बीड शहरात पहिली गाडी पोहोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. परळीला १९७१ मध्ये वीज केंद्र सुरू झालं, पण तेवढ्यानं सगळ्या जिल्ह्याला काम मिळत नाही.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या गटांतल्या वयस्कर बायांनी तो अंगावर काढला आहे. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती आणि त्यात बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. या दुष्काळात आणि १९०० च्या दुष्काळात एक मोठा फरक पडला. तेव्हा चारातला एक माणूस वहीतून गेला होता. या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या १९७१ ते १९८१ मध्ये वाढलीच. पाऊस दोन्ही वेळेला दगा देऊन गेला होता. फरक पाडला तो कामानं आणि धान्यानं.

याच अनुभवातून रोजगार हमी पक्की झाली. वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, १९७७ ला महाराष्ट्रानं कायदा केला, आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. त्याचा पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. बाई आणि पुरुष, दोघांना दर एकच. पुढं २००५ साली देशाचा रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी आपल्या राज्याचा हा अनुभव होता.

पण रोजगार हमी होती तरी दुसरी एक वाट पडलेली होती. प्रवरानगरला १९५० च्या सुमाराला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत कारखाने वाढत गेले. त्यांना ऊस तोडायला माणूस पाहिजे होता, आणि आपल्याकडं काम नसलेला माणूस होता. दसरा झाला की मुकादम, उचल, गाड्या, टोळ्या. पट्टा पडला की उन्हाळ्यात परत. ही वाट आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या पायाखाली आहे. कर्नाटकातही जाऊन आली आहेत आपली माणसं.

या धंद्यातला एक शब्द बघा: कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. पहाटे उठून भाकरी तिनं थापायची, ऊस दोघांनी तोडायचा, मोळ्या तिनं बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहायच्या, रात्री परत चूल पेटवायची. उचल मात्र नवऱ्याच्या हातात आणि सही-अंगठाही त्याचाच. मुकादमाच्या वहीत दोन माणसं मिळून एक. एका बाईची वेगळी मजुरी किती, हे त्या वहीतून कधी निघतच नाही.

आता थोडं लांबच्या मुलखाची गोष्ट सांगतो. युरोपात आयर्लंड नावाचा एक देश आहे. पूर्वी तो इंग्रजांच्या ताब्यात होता. तिथला गरीब माणूस एकाच पिकावर जगायचा, बटाट्यावर. १८४५ पासून सलग काही वर्षं बटाट्यावर रोग पडला आणि पीक कुजलं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि हे चाललेलं असताना त्याच देशातून धान्य बाहेर विकायला जात होतं. १८४१ च्या मोजणीत ८० लाखांवर माणसं होती, १८५१ ला ६५ लाखांवर आली.

दुष्काळ संपला, पण जाणं थांबलं नाही. तरण्या पोरी अमेरिकेत धुणीभांडी करायला गेल्या, तिथून पैसे पाठवून मागच्या भावंडांना बोलावून घेऊ लागल्या. आणि जे देशात राहिले ते हंगामाला स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला जायचे. टोळीनं जायचे, मुकादम असायचा, शेतावरच्या शेडमध्ये झोपायचे. सप्टेंबर १९३७ मध्ये अशाच एका झोपायच्या शेडला रात्री आग लागली आणि अकिल नावाच्या बेटावरून आलेली दहा पोरं त्यात गेली. सगळ्यात लहान तेरा वर्षांचं होतं. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत ज्या बाईनं लेकरं झोपवली आहेत, तिला ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाही.

त्या देशाच्या स्वतंत्र झालेल्या भागात १८४१ साली ६५ लाख माणसं होती, ती १९६१ ला २८ लाखांवर आली. एकशे वीस वर्षं आकडा खाली जात राहिला. मग तो वळला कसा? एका गोष्टीनं वळला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बाहेरचे कारखाने आणायचं धोरण झालं. १९६७ पासून माध्यमिक शाळा फुकट झाली आणि खेड्यातल्या पोरांना शाळेत न्यायला गाडी सुरू झाली. १९७३ मध्ये तो युरोपच्या सामायिक बाजारात गेला. त्याच साली आणखी एक गोष्ट झाली. तोवर तिथं सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की तिला राजीनामा द्यावा लागायचा, तो नियम उठला. तरीही १९८० च्या दशकात पुन्हा काम आटलं आणि पुन्हा पोरं परदेशी गेली. वाट सरळ नव्हती. पण २०२२ च्या मोजणीत त्या देशात ५१ लाखांवर माणसं भरली. आता तिथं बाहेरून माणसं कामाला येतात, त्यात आपल्या देशातल्या नर्सबायाही आहेत.

यातून आपण काय घ्यायचं? आयर्लंड एका पिकावर जगत होता म्हणून ते पीक गेल्यावर कोसळला. आपला डोंगरपट्टा एका मजुरीवर जगतो आहे. ऊसतोडणीची यंत्रं फडात आली आहेत आणि दरवर्षी वाढताहेत. कोयत्याचं काम वाईट आहे हे खरं, पण ते गेलं आणि दुसरं नसलं तर त्याहून वाईट. म्हणून पोरींची शाळा, जवळपासचं काम, आपल्या बालाघाटाच्या सीताफळासारख्या मालावर गटानं केलेली प्रक्रिया, हे सगळं कोयता सुटायच्या आधी उभं राहायला पाहिजे.

आणि पोरींची गोष्ट निघाली म्हणून वहीतलं सगळ्यात काळं पान आता उघडावंच लागेल. सहा वर्षांखालच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागं मुली किती, हा आकडा बीडमध्ये २००१ ला ८९४ होता, तो २०११ ला ८०७ झाला. साऱ्या महाराष्ट्रात सगळ्यात कमी. १९०० साली माणसं दुष्काळानं गेली. या पोरींना कोणत्या दुष्काळानं नेलं? पाऊस कमी पडला म्हणून मुली जन्माच्या आधी जात नाहीत. यंत्र आलं, पैसा देणारे होते, घेणारे होते, आणि घरातल्या माणसांची मनं तयार होती.

ज्या पोरी जन्मल्या त्यांचं काय? आईबाप फडावर गेले की वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर असतो. मग शाळा सुटते आणि लवकर लग्न लावून दिलं जातं. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांत शंभरातल्या चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढं आरोग्य विभागाची पाहणी आली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. सहा जणींत एक. खाडा झाला तर पैसे कापतात, पाळीत कपडा बदलायला जागा नाही, दुखणं अंगावर काढलं, मग कुणीतरी सांगितलं की पिशवीच काढून टाका. हा आकडा बाहेर आला तो बायांना एकेकीला विचारलं म्हणून. तोवर तो कुठल्याच वहीत नव्हता. मोजल्यावर मग त्यावर विधिमंडळात बोलणं झालं, नियम झाले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आलं, लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली. हे पुरेसं आहे का, ते ज्यांची लेकरं तिथं आहेत त्यांनी आम्हाला कळवावं.

आता मोजणीच्या प्रश्नाकडं येतो, कारण तो लवकरच आपल्या दारात येणार आहे.

जनगणनेत बाईचं काम नेहमी निसटत आलं आहे. १९६१ ला देशात जेवढ्या कामकरी बाया लिहिल्या होत्या, त्याच्या निम्म्याच्या जरा वर १९७१ ला भरल्या. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या बाया काय घरी बसल्या होत्या? नाही, प्रश्न विचारायची पद्धत बदलली होती. तुमचं मुख्य काम काय, असं विचारलं की बाई म्हणते, घरकाम. बायांच्या चळवळीनं आणि अभ्यासकांनी हे लावून धरलं, तेव्हा १९९१ ला प्रश्नातच घातलं गेलं की घरच्या शेतात बिनपगारी केलेलं कामही काम धरावं. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत निघालं की घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला जवळजवळ पाच तास त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा दीड तासाहून थोडा जास्त वेळ.

१९८१ पासून कामाचे दोन भाग केले आहेत. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांत. ऊस तोडणारी बाई म्हणते, चार-पाच महिनेच जाते मी. पण खुरपणी, वेचणी, सोयाबीन काढणी, घरची शेळी-म्हैस हे धरलं तर किती महिने होतात? बोटं मोजा, मग उत्तर द्या.

२०२१ ची जनगणना करोनामुळं झाली नाही. आता घरांची यादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये करायचं ठरलं आहे, १ मार्च २०२७ ही त्याची तारीख धरली आहे. फेब्रुवारीत आपली अर्धी गावं कुठं असतात? फडावर! मागच्या वेळेलाही मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला झाली होती. तेव्हाचा नियम असा की त्या वीस दिवसांत जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदाही नव्हता, त्याला घरी धरायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं. म्हणजे कोपीपर्यंत मोजणारा गेला तर ती बाई सांगलीच्या नाहीतर साताऱ्याच्या खात्यात जाते. नाही गेला तर कुठंच नाही.

हा आकडा उगाच नसतो. त्यावर रेशन ठरतं, अंगणवाड्या ठरतात, दवाखाने ठरतात. मतदारसंघसुद्धा माणसं मोजून आखतात. आपला चौसाळा विधानसभा मतदारसंघ अशाच फेररचनेत गेला, २००९ च्या निवडणुकीपासून तो नाही.

म्हणून बायांनो, गटांनी थोडं काम अंगावर घ्यावं असं आम्हाला वाटतं. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी दसऱ्याच्या आधी बोला. मोजणारा कोपीवर आला तर पळू नका, त्याला माहिती द्या. नाही आला तर मुकादमाला, कारखान्याच्या माणसाला, तिथल्या ग्रामपंचायतीला विचारा. मागच्या वेळी आधी कुठं राहत होता आणि का आलात, हे प्रश्न होते. तसं विचारलं तर गाव आणि बीड जिल्हा सांगा, आणि कारण सांगताना ‘नवऱ्याबरोबर आले’ म्हणू नका, ‘कामाला आले’ म्हणा. तुम्ही ऊस तोडायलाच गेलेल्या असता. लेकरांची, विशेषतः तान्ह्या पोरींची नावं सुटू देऊ नका. जनगणनेत दिलेली माहिती १९४८ च्या कायद्यानं गुप्त असते, त्यामुळं भ्यायचं कारण नाही. आणि ज्या म्हाताऱ्या माणसांवर घर सोडून जाता, त्यांनाही सांगून ठेवा की दारात आलेल्या गुरुजींना काय सांगायचं.

एवढं सगळं एका बैठकीत होणार नाही. पण येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान कोरं ठेवा. त्यावर लिहा: आपल्या वस्तीतून कोण जातं, कुठल्या कारखान्याला जातं, बाया किती, लेकरं किती, मागं कोण राहतं. सरकारची वही येईल तेव्हा येईल, त्याआधी आपली तयार पाहिजे. लिहून झालं की आम्हाला रेडिओवर सांगायला या. पुढच्या महिन्यात तुमच्या त्या पानांवर बोलू.